दुखायचं थांबलं की हाक मारा

तानाबाई दवाखान्याचा जिना चढायची तेव्हा एका पायरीवर दोन्ही पाय टेकायची, मगच पुढची पायरी. वय काय फार नव्हतं, त्रेचाळीस. पण वीस वर्षं फरश्या पुसून आणि माणसं उचलून गुडघे तेवढे पुढं निघून गेले होते. जिन्याच्या वळणावर ती थांबायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "दम न्हाई लागला. किती ऱ्हायल्यात ते बघाय थांबलोय."

राजारामपुरीतल्या एका गल्लीत नृसिंह डॉक्टरांचा दवाखाना. खाली तपासणी, मधल्या मजल्यावर साधे पेशंट आणि वर चार खाटांची हृदयाची खोली. दाराला अर्धी काच होती म्हणून गावाकडची माणसं तिला काचंची खोली म्हणायची. त्या खोलीची आया म्हणजे तानाबाई. लिहाय-वाचाय येत नव्हतं. मशीनवरच्या हिरव्या रेघेतलं तिला एवढंच कळायचं, की रेघ शिवणीसारखी एका मापानं चालली तर बरं, आणि दोरा गुंतल्यासारखी झाली तर बोंबलायचं. पण तोंडाकडं बघून आणि मनगट धरून तिला जे कळायचं ते कधी कधी रेघेच्या आधी कळायचं. डॉक्टरांना ते माहीत होतं. बोलून दाखवायचे नाहीत, पण तिची सुट्टी असली की वर दोन चकरा जास्त मारायचे.

ती आमच्या गडमुडशिंगीची सून. सून म्हणायची तेवढीच. लग्न झालं एकसष्ट साली आणि घर सुटलं त्रेसष्टला, एका बैलापायी.

त्या चैत्रात बाळासो, म्हणजे तिचा नवरा, तिला घेऊन बैलगाडीनं जोतिबाला गेलता. बरोबर गल्लीतल्या चार गाड्या. पालखीच्या दिवशी हलग्यांचा आणि माणसांचा कालवा उठला आणि जोडीतला हरण्या बुजला. दावं तोडून पळाला तो डोंगराच्या अंगाला कुठं दिसेनासा झाला. यात्रा उठली, बाकीच्या गाड्या माघारी गेल्या, हे दोघं झाडाखाली राहिले. चौथ्या दिवशी बैल सापडला. गळ्यातलं तुटकं दावं करवंदीच्या जाळीत गुंतलं होतं आणि तीन दिवस तो तिथंच उभा. चैत्राचं ऊन. जीभ पोचेल तेवढा पाला ओरबाडून खाल्लेला, आणि पाण्याचा थेंब नाही. डोळे खोल गेलेले, कातडं हाडाला चिकटलेलं.

बाळासोनं त्याला झाडाखाली आणून बांधला आणि नवसाचा नारळ फोडाय देवळाकडं गेला. जाताना म्हणाला, "पाणी दाव. बेतानं."

बेतानं म्हणजे कसं, हे तिला ठाऊक होतं. कुणब्याच्या घरातली लेक ती. तहानलेल्या जनावरापुढं घमेलं ठेवायचं तर पाण्यावर मूठभर भुसकाट टाकायचं. मग जनावर फुंकर मारतं, भुसकाट बाजूला करतं, एक घोट घेतं, परत फुंकतं. पाणी पोटात जातं, पण थांबत थांबत जातं. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण हरण्यानं तिच्याकडं बघून जीभ बाहेर काढली आणि तिला ते बघवलं नाही. घमेलं भरून पुढं ठेवलं. एका दमात रिकामं. दुसरं भरलं. मग तिसरं. नवरा माघारी येईपर्यंत बैलाचं पोट नगाऱ्यागत झालतं आणि पाय लटपटत होते. दिवस मावळायच्या आत गेला. तीन दिवस पाण्यावाचून जगलेलं जनावर पाणी मिळाल्यावर मेलं.

उसना बैल जुंपून गाडी घरी आली. सासू धोंडुबाई दारात उभी होती. तिनं आधी बैलांकडं बघितलं, मग सुनेकडं. धाकटा दीर कृष्णात, त्यानं हरण्याला वासरू असल्यापासनं वाढवलेला. तो त्या दिवसापासनं वैनीशी बोललाच नाही. धोंडुबाई मात्र बोलाय लागली ती थांबली नाही. "भुसकाट टाकाय तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय गं?" तानाबाई आडावर गेली की बाया म्हणायच्या, "बैलमारी आली." कुणाची म्हस व्यायला झाली की हिला गोठ्याच्या दारातनं परत लावायच्या. 'तिला एकटीला सोडून मी नारळ फोडाय गेलतो' एवढं एक वाक्य बाळासोच्या तोंडातनं निघालं नाही. निघालं ते एवढंच, "उचगावात फौंड्रीत काम हाय म्हणत्यात."

मग गेले. हा फौंड्रीत, ही आधी लोकांची भांडी घासाय आणि सहासष्टला दवाखान्यात. गावाकडं यायचे ते लग्नाला नाही तर मयताला, आणि जेवून लगेच माघारी.

पुढची वीस वर्षं सांगण्यासारखं काही नाही. फरशी, चादरी, ओकाऱ्या. गेलेल्या माणसाची हनुवटी बांधायची, खाट धुवायची, दुसरा माणूस त्याच खाटेवर घ्यायचा. सांगण्यासारखं झालं ते पंच्याऐंशी साली. डॉक्टरांनी नवं औषध आणलं. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली की झटका येतो. हे औषध शिरेतनं तासभर थेंबाथेंबानं सोडलं की गुठळी विरघळायची आणि अडलेलं रक्त परत सुरू व्हायचं. त्याआधी झटका आलेल्या माणसाला कळ मारायचं इंजेक्शन देऊन झोपवायचं आणि वाट बघायची, यापलीकडं फारसं काही नव्हतं.

ते औषध मिळालेल्या पहिल्या काही माणसांत त्र्यंबक मास्तर होते. शाळेतनं नुकते रिटायर झालेले, तोंडात सतत काहीतरी पाठांतर. तासभर खाटेची दांडी धरून कण्हत होते. औषध संपलं आणि थोड्या वेळानं कण्हणं बंद. तोंडावर रंग आला. म्हणाले, "तानाबाई, गेलं बघा. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं. आता घोटभर चहा मिळाला तर काय बहार होईल."

तानाबाईला बरं वाटलं. कालिंदी सिस्टर पलीकडच्या पेशंटला सुई टोचत होत्या. ही खाली जाऊन स्वतः चहा घेऊन आली. कप हातात घेऊन खोलीत शिरली तर मास्तरांचे डोळे छताला आणि हिरवी रेघ गुंतलेली. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, मशीननं विजेचा झटका दिला. उपयोग झाला नाही.

कप तिनंच धुतला. मग डॉक्टरांच्या खोलीत जाऊन दारात उभी राहिली.

"सायेब, चहा आणाय मी गेलतो. माझ्यामुळं झालं व्हय?"

नृसिंह डॉक्टर गोड बोलणारे नव्हते. "चहानं नाही झालं. पण तुम्ही खाटेपाशी असता तर मला दोन मिनिटं आधी कळलं असतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमले होते. म्हणाले, "हृदय तास दोन तास उपाशी असतं. रक्त परत आलं की माणसाला वाटतं, सुटलो. आपल्यालाही वाटतं. पण ते येतं लोंढ्यानं, आणि उपाशी मांसाला ते सोसत नाही. ठोके बिघडतात. रक्त नाही आलं तरी इजा आणि आलं तरी इजा. ही दुसरी इजा कशी चुकवायची ते अजून पुरतं कुणालाच उमगलेलं नाही. आपल्या हातात एवढंच, की तेव्हा माणसाला हलू द्यायचं नाही, गर्दी होऊ द्यायची नाही, नजर काढायची नाही. ठोका बिघडला की त्या क्षणाला मशीनचा झटका." मग म्हणाले, "दुखतंय म्हणून तर तुम्ही मला बोलवताच. आजपासनं दुखायचं थांबलं की आधी हाक मारा."

"बैलागत हाय म्हणा की," तानाबाई म्हणाली.

"कसला बैल?"

"न्हाई. काय न्हाई."

तेव्हापासनं तिची एक रीत झाली. माणूस कण्हत असेपर्यंत ती इकडचं तिकडचं काम उरकायची. कण्हणं थांबलं की स्टूल ओढायची, मनगट धरायची आणि नातेवाइकांना बाहेर काढायची. नेमकं तेव्हाच त्यांना आत यायचं असायचं. कुणाच्या हातात अंगारा, कुणाच्या हातात शहाळं. बाया म्हणायच्या, "दुखत हुतं तवा गोड बोलत हुती, आणि माणूस हसाय लागला तर अवदसा हाकलून काढतीया." ती ऐकून घ्यायची. उत्तर द्यायला दम लागतो, आणि तो तिला जिन्यासाठी राखून ठेवायचा असायचा.

शहाऐंशीच्या वैशाखात, सकाळी आठच्या सुमाराला, एक माणूस स्ट्रेचरवरनं वर आला. दूध डेअरीत कॅन उचलताना छातीत कळ आली, डेअरीच्या जीपमधनं तसाच आणला. घामानं निथळत होता. तानाबाईनं त्याचा सदरा काढाय हात घातला आणि तोंड बघितलं. कृष्णात. चाळिशीचा झालेला, मिशा पिकायला लागलेल्या, पण कृष्णातच. आणि मागनं जिना चढून धोंडुबाई. पंच्याहत्तरीची म्हातारी, कमरेत वाकलेली, पण सुनेला लागतो त्याच्या निम्म्या वेळात वर पोचली.

"तू हितं हायस व्हय?"

"हितंच असतोय, आत्ती."

धोंडुबाईनं मान वळवली आणि कालिंदी सिस्टरला विचारलं, "बाई, दुसरी कोण न्हाई का वो बघाय?"

"दुसरी रजेवर आहे, आजी."

"मग तुम्ही स्वता बघा. हिच्या हाताला यश न्हाई."

सिस्टरनं तानाबाईकडं बघितलं. तानाबाई सदऱ्याची बटणं सोडत राहिली.

पावणेनऊला बाटली लागली. डॉक्टरांनी थेंब मोजून नळीवरचं चाक बसवलं, झटक्याचं मशीन खाटेजवळ ओढून ठेवलं आणि तपासणीला खाली गेले. कृष्णात दात खाऊन कण्हत होता. हिला त्यानं ओळखलं होतं, पण कळच एवढी होती की राग करायला जागा नव्हती. बाटली संपली. दहा वाजता मुडशिंगीचा टेम्पो आला. दहा-बारा माणसं बाहेरच्या बाकड्यावर आणि बाकड्याभोवती. धोंडुबाईजवळ जोतिबाच्या गुलालाची पुडी आणि पाण्यानं भरलेला तांब्या. काचेला नाक लावून म्हातारी उभी.

सव्वादहाच्या पुढं कण्हणं थांबलं.

तानाबाई हातातली चादर तशीच टाकून आली. मनगट धरलं. "सिस्टर, सायबास्नी बोलवा. थांबलं."

सिस्टर गेल्या. कृष्णातनं डोळे उघडले, लांब श्वास सोडला. तोंडावर तांबूस रंग चढत होता. काचेकडं बघून तो हसला, आणि ते हसू बघितल्यावर धोंडुबाईला कोण अडवणार? दार ढकलून ती आत, तिच्यामागं चौघं.

"बरं हाय गं आई. गेलं सगळं." मग त्यानं तानाबाईकडं मान केली. "वैनी, पाणी द्या. नरडं वाळलंय. जरा उठून बसतो."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा वैनी म्हणाला. म्हणताना ओठांवरनं जीभ फिरवली. तानाबाईनं ती बघितली आणि भिंतीकडं तोंड केलं. मग दुसऱ्या हातानं ट्रेमधला कापूस ओला केला आणि त्याच्या ओठावर टेकवला.

"एवढंच. पडून ऱ्हावा."

"कापूस काय चाटवतीस पोराला," धोंडुबाई तांब्या पुढं करत म्हणाली. "उठव त्याला. घोटभर पिऊ दे."

"न्हाई, आत्ती. भाईर व्हा."

"तू मला भाईर काढतीस?"

"सगळ्यास्नीच."

म्हातारीनं आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "बैल पाजून मारलास. आता माझं पोर न पाजता मारतीस व्हय?"

टेम्पोतनं आलेली सगळीच मुडशिंगीची, बैल सगळ्यांना ठाऊक.

"व्हय," तानाबाई म्हणाली. "बैल मीच मारला. दया आली म्हणून मारला. मास्तरांस्नी चहा आणाय गेलो ती बी दयाच हुती. आता न्हाई यायची. तुमी मला ढकला, मारा, कायबी करा, हे मनगट मी सोडणार न्हाई आणि ह्यो माणूस उठणार न्हाई."

बोलता बोलताच बोटांखाली एक ठोका चुकला. मग दोन लागोपाठ आले. मग खड्डा. तिनं कृष्णातच्या तोंडाकडं बघितलं. हसू तसंच होतं, पण त्याच्यामागचा माणूस कुठंतरी निघाला होता. मग डोळे फिरले. रेघ गुंतली ती त्याच्यानंतर.

"सायेब."

डॉक्टर दारातच होते. चौघांना खांद्यानं बाजूला करत आत आले. इस्त्रीसारख्या दोन पाट्या छातीवर ठेवल्या. "हात काढा, तानाबाई." तेव्हा कुठं तिनं मनगट सोडलं. अंग खाटेवरनं वर उडालं आणि आदळलं. रेघ एकदा सपाट झाली. धोंडुबाईच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी फरशीवर सांडत राहिलं, तिला कळलं नाही. मग रेघेत एक टाका पडला. दुसरा. तिसरा. शिवण चालू झाली.

डॉक्टरांनी शिरेतनं एक इंजेक्शन दिलं, थोडा वेळ रेघेकडं बघितलं, मग म्हणाले, "सगळे बाहेर." माणसं गेली. धोंडुबाईला कुणीतरी दंडाला धरून नेली.

तानाबाईनं आधी सांडलेलं पाणी पुसलं, कोणी घसरू नये म्हणून. मग स्टूल ओढलं. डॉक्टरांनीही एक ओढलं. खाली तपासणीला माणसं तटली होती, पण तासभर दोघंही तिथं बसून राहिले, खाटेच्या दोन बाजूंना. पुढं दोनदा रेघेनं वाकडं वळण घेतलं आणि दोनदा आपली आपण सरळ झाली. बारा वाजून गेल्यावर डॉक्टर उठले. "चहा सांगू का तुम्हाला?"

"नगं. चहा नगं."

संध्याकाळी घरी गेली. बाळासो आधीच फौंड्रीतनं येऊन, पाय धुऊन बसलेला. निरोप त्याला दुपारीच मिळाला होता.

"कसा हाय कृष्णात?"

"हाय."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, न पाजता मारतीस व्हय."

बाळासोनं हाताच्या घट्ट्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "मी नारळ फोडाय गेलतो."

"मला ठाऊक हाय की. मी हुतो तिथं." तिनं भाकरीची परात पुढं ओढली. "मला सांगून काय उपेग? सांगायचं तर तिला जाऊन सांग. मला आता न्हाई निस्तराय व्हत."

दुसऱ्या दिवशी त्यानं खाडा केला आणि दवाखान्यात आला. भावाला काचेतनं बघितलं आणि बाहेर बाकड्यावर आईशेजारी बसला. तानाबाई आत चादरी बदलत होती. आतनं काही ऐकू येत नव्हतं. बाळासोची मान खाली आणि ओठ हलताना दिसले. फार वेळ नाही, एक वाक्य असेल, फार तर दोन. धोंडुबाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. थोड्या वेळानं कमरेचा बटवा काढला, पान लावलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं लेकाच्या हातावर ठेवलं.

दहा दिवस कृष्णात राहिला. तानाबाईनं त्याला पुसलं, जेवू घातलं, पहिल्यांदा धरून चालवलं, चार पावलं, मग आठ. तो वैनी म्हणायचा. बैलाचं त्यानं काढलं नाही आणि हिनंही काढलं नाही. धोंडुबाई आत यायची तेव्हा काचेवर बोटानं टकटक करायची आणि आतनं मान हलली तरच यायची. एवढी गोष्ट मात्र बदलली.

अकराव्या दिवशी सकाळी जीप आली. तानाबाई कृष्णातला जिना उतरवून खाली घेऊन आली, एका पायरीवर दोन्ही पाय, त्याचेही आणि हिचेही. त्याला पुढं बसवला. धोंडुबाई मागं चढली, बसली, लुगडं सावरलं.

"जेष्ठात म्हाई हाय गावात, देवीची जत्रा," ती म्हणाली. "ये की. दोगंबी या."

"बगतो. रजा मिळाली तर."

"मिळंना कशी. सायबाला सांग, सासूनं बोलवलंय म्हणून."

"बरं."

ड्रायव्हरनं जीप चालू केली. म्हातारी परत बाहेर वाकली. "गोठ्याकडं मात्र जाऊ नगंस."

कृष्णातला हसू फुटलं. छातीवर हात दाबून धरून तो हसाय लागला.

"हसू नगासा एवढं," तानाबाई म्हणाली. "न्हाईतर परत वर चढवाय लागंल, आणि माझ्यानं हुत न्हाई."

जीप गेली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि जिन्याकडं वळली. वळणावर थांबून उरलेल्या पायऱ्या बघितल्या. वर पहिल्या खाटेवर, कृष्णातच्याच खाटेवर, तासाभरापूर्वी एक पावणं आलेलं होतं, उचगावकडचं. बाटली लावलेली, थेंब पडत होते. माणूस मोठ्यानं कण्हत होता. त्याची लेक दाराशी उभी राहून रडत होती.

"मावशी, किती दुखतंय ओ त्यांना. काहीतरी करा की."

तानाबाईनं बाटलीकडं बघितलं. निम्मी व्हायची होती. मनगट बघितलं, रेघ बघितली. मग स्टूल खाटेजवळ ओढून त्यावर बसली आणि दोन्ही गुडघे हळूहळू लांब केले.

"दुखू दे जरा," ती म्हणाली. "दुखतंय तोवर मला निवांत बसाय मिळतंय."